सरांचा कान

नगरमध्ये स्ट्रिंग क्वार्टेट आहे असं सांगितलं की पुण्याची माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे ऑर्केस्ट्रा का?" पूर्वी मी समजावून सांगायची. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. चार माणसं अर्धवर्तुळात बसतात, समोर हात हलवणारा कोणी नसतो, गाणारं कोणी नसतं, निवेदक तर नसतोच. आता सांगत नाही. "हो, ऑर्केस्ट्राच," म्हणते आणि चहाचं विचारते. साठी जवळ आली की माणसानं आपला श्वास जपून खर्च करावा.

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, एसटीच्या पाट्याही बदलल्यात, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय. आम्हाला गावात "चौकडी" म्हणतात. त्याच्याआधी लावायचा शब्द लोक मनातल्या मनात लावतात, हे आम्हाला ठाऊक आहे.

ही चौकडी सरांनी जमवली. सर चर्चमध्ये क्वायर घ्यायचे आणि मिशनच्या शाळेत संगीत शिकवायचे. मी पाथर्डीकडची. आमच्याकडे दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जायचं आणि शाळा ओस पडायची, म्हणून वडिलांनी मला नगरला वसतिगृहात टाकलं. तिथे सरांना व्हायोलिनसाठी पोरं हवी होती. माझी बोटं लांब होती आणि जीभ त्याहून लांब, असं सर अजून सांगतात. आमच्या घरी व्हायोलिन हा शब्द कोणाला धड म्हणता येत नव्हता. सुट्टीत मी ते घरी नेलं तेव्हा आईनं त्याला हळदकुंकू लावलं आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवून दिलं. पुढे मी विज्ञानाची शिक्षिका झाले, नगरमध्येच राहिले आणि दर रविवारी दुपारी सरांसमोर बसायचं काही सोडलं नाही.

चेलोवर सुभेदार. ते मूळचे काष्टीचे, फौजेच्या बँडमध्ये होते. बँडमध्ये प्रत्येकाला एक फुंकायचं आणि एक तारेचं वाद्य शिकवतात. हे उंच, म्हणून यांच्या हाती चेलो दिला. एवढीच त्यांची पात्रता, असं ते स्वतः सांगतात. निवृत्त होऊन भिंगारला घर केलं, आणि तिथल्या बाजारात मेथीची जुडी निवडताना सरांनी त्यांना गाठलं. सरांनी विचारलं, "चेलो अजून वाजवता का?" सुभेदार म्हणाले, "वाजवायला कुनी सांगितलंच न्हाई, साहेब." सर म्हणाले, "मी सांगतो." झालं. त्या दिवसापासून सुभेदार रविवारी कधी चुकले नाहीत, आणि अडीच म्हणजे अडीचला ते हजर असायचे. आम्ही नसायचो.

व्हायोलावर माझा एक जुना विद्यार्थी. त्याचं बेलापूरला मेडिकलचं दुकान आहे. व्हायोलिन तो माझ्याकडे शिकला. पण पहिल्या व्हायोलिनवर सर, दुसऱ्यावर मी, आणि तिसरं क्वार्टेटमध्ये नसतं, म्हणून सरांनी त्याच्या हाती व्हायोला दिला. व्हायोला कोणालाच नको असतो. त्यानं मुकाट्यानं घेतला, आणि हा मुका माणूस रात्री दुकान बंद करून संगीत लिहितो हे आम्हाला फार उशिरा कळलं.

सुरुवातीला आम्ही जुन्या युरोपियन लोकांचं संगीत वाजवायचो. वाईट वाजवायचो. मग एकदा यानं पिशवीतून चार कागद काढले आणि म्हणाला, "बाई, जरा बघता का?" बेलापूरहून श्रीरामपूरला जाताना चढावर ऊस भरलेला ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, कसा दम खात चढतो, ते त्यानं लिहिलं होतं. चार वाद्यं एकाच चालीवर चढायची, पण प्रत्येकाचा दम वेगळ्या ठिकाणी तुटायचा. ते वाजवल्यावर सरांनी समोरची जुनी पानं आवरून ठेवली. मग म्हणाले, "आता हेच वाजवायचं."

आणि आम्ही ते वाजवत राहिलो. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात, चर्चच्या हॉलमध्ये, एकदा साखर कारखान्याच्या कार्यक्रमात भजनी मंडळ आणि लावणी यांच्या मधल्या जागेत. तिथे पहिल्या रांगेतले एक फेटेवाले काका मध्येच उठून उभे राहिले. त्यांनी अगदी आस्थेनं विचारलं, "हे मुद्दाम असं हाय का?" व्हायोलावाला लाजून लाल झाला, पण ठामपणे म्हणाला, "हो काका, मुद्दाम." काका बसले. "मग चालू द्या," म्हणाले आणि शेवटपर्यंत ऐकत राहिले. तसा श्रोता आम्हाला पुण्यातही मिळाला नाही.

आता सरांच्या नियमाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून घडलं.

सरांचा कान नगरमध्ये प्रसिद्ध होता. क्वायरमध्ये पोरं भरपूर, पण सर हॉलच्या बाहेर चपला काढतानाच सांगायचे की मागच्या ओळीत कोणीतरी चढतंय. चढतंय म्हणजे सूर वर जातोय. बाहेरच्या माणसाला याचा अर्थ वेगळा लागायचा आणि आम्ही पोरं खिदळायचो. पण कोण, ते सर कधी म्हणजे कधीच सांगायचे नाहीत. फक्त "कोणीतरी". ते स्वतः लहान असताना एका पाहुण्या बाईंनी भर क्वायरमध्ये त्यांच्याकडे बोट दाखवून त्यांना गप्प केलं होतं. त्यानंतर सर वर्षभर गायले नव्हते. त्यामुळे त्यांच्याकडे कोणाचं नाव घेऊन चूक सांगायची नाही. "कोणीतरी" म्हटलं की प्रत्येकानं आपलं बोट तपासायचं, ज्याचं चुकलं असेल त्याला कळतंच, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

चौकडीतही हाच नियम चालला. मला तो मनापासून आवडायचा. शाळेत मी उलट होते, पोरांची नावं घेऊन सगळ्यांदेखत हजेरी घ्यायची. पण रविवारी त्या हॉलमध्ये मी वेगळी बाई असायची. एखादा सूर सरकला की कोणीही एकानं "कोणीतरी चढतंय" किंवा "कोणीतरी उतरतंय" म्हणायचं, बाकीच्यांनी माना खाली घालायच्या आणि बोटं सरकवायची. भांडण नाही, रुसवा नाही. इतकी वर्षं चार माणसं एकत्र राहिली ती या एका शब्दावर, असं मी लोकांना अभिमानानं सांगायची.

मग सरांचा कान जायला लागला.

आधी टीव्हीचा आवाज वाढला. मग मोबाईल खिशात वाजत राहायचा आणि सर शांतपणे व्हायोलिनच्या गजाला, म्हणजे बोच्या केसांना, रोझिनची राळ लावत बसायचे. मग एका रविवारी त्यांच्या व्हायोलिनच्या सगळ्यात बारीक तारेवरचा एक लांब सूर सुटला आणि चढला. थोडाच. पण सरांच्या हातून हे कधी झालेलं नव्हतं, त्यामुळे आम्हा तिघांचेही बो जागच्या जागी थबकले. सरांना एवढंच कळलं की काहीतरी जुळत नाहीये. ते थांबले आणि नेहमीसारखे म्हणाले, "कोणीतरी चढतंय."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सुभेदार म्हणाले, "माजं आसंल, सर."

इतक्या वरच्या पट्टीत चेलो नसतोच. सुभेदार त्या वेळी तळाचा एक जाडजूड सूर धरून बसले होते. पण सर म्हणाले, "खालचा पाया हलला की वरचे सगळे हलतात, सुभेदार. जरा सांभाळा." "जी, सर," सुभेदार म्हणाले.

तिथून ते सुरू झालं. दर रविवारी सर चढायचे, सर म्हणायचे "कोणीतरी", आणि कोणीतरी ते आपल्या अंगावर घ्यायचं. कधी मी घ्यायची, कधी व्हायोलावाला. पण आम्ही दोघं तोंड उघडेपर्यंत सुभेदार बोलून मोकळे व्हायचे. फौजेतली सवय. मी घरी येऊन नवऱ्याजवळ चिडचिड करायची. नवरा म्हणायचा, मग सांगून टाका. त्याला काय, तो चौकडीत नव्हता.

व्हायोलावाल्यानं आपली वेगळीच युक्ती काढली. तो नव्या रचनांमध्ये सरांसाठी घसरते सूर लिहायला लागला. एक सूर धरायचा आणि हळूहळू वर सरकवत न्यायचा, कुठे थांबायचं ते लिहायचंच नाही. म्हणजे सर कुठेही गेले तरी कागदावर ते बरोबरच. सरांना हे फार आवडलं. "हा पोरगा आता खरा लिहायला लागला," म्हणाले. आम्ही ते पुण्याला वाजवलं तेव्हा तिथल्या एका जाणकारांनी आमच्या धाडसी स्वरभाषेचं इतकं कौतुक केलं की व्हायोलावाला तोंड लपवून पान खायला निघून गेला. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. पायऱ्यांवर बसून मी दोन्ही उरकून घेतलं.

असं चाललं असतं, किती दिवस कोण जाणे. पण चौकडीला पंचवीस वर्षं व्हायला आली. चर्चच्या हॉलमध्ये नाताळच्या आधी कार्यक्रम करायचा ठरलं. आणि एका संध्याकाळी सर माझ्या घरी आले. ते सहसा येत नाहीत. मी पोहे टाकले. सरांनी पोह्यांना हात लावला नाही.

"सुभेदारांचं वय झालं," ते म्हणाले.

मला वाटलं सुभेदार आजारी आहेत. म्हटलं, "का, काय झालं?"

"तुला कळत नाही? तुझा कान तर चांगला आहे. दर रविवारी तेच. पाया हलतो. तेही बिचारे कबूल करतात, माझंच चुकलं म्हणून. मी दोन वर्षं वाट पाहिली की सुधारेल. आता कार्यक्रमात त्यांची फजिती व्हायला नको. पुण्याहून एका मुलाला बोलावतोय चेलोवर." सरांचे डोळे भरले होते. "मला किती जड जातंय ते तुला सांगता येत नाही. पण त्यांना मानानं जाऊ द्यावं."

मी कढई घासत राहिले. ती घासून झाली होती तरी घासत राहिले. तोंडात आलेलं वाक्य मी गिळलं. ज्या माणसानं आयुष्यात कोणाकडे बोट दाखवलं नाही, त्याच्याकडे मी माझ्या स्वयंपाकघरात बोट दाखवायचं? मी एवढंच म्हणाले, "सर, घाई करू नका. मी बोलते सुभेदारांशी."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी भिंगारला गेले. सुभेदारांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, दार उघडलं आणि नुसती मान हलवली. चेलो त्याच्या पिशवीत घालून, चेन ओढून, कपाटामागे भिंतीला टेकवून ठेवला होता. सर माझ्या आधीच, सकाळी येऊन गेले होते. माझ्यावर टाकणं त्यांना पटलं नसावं.

सुभेदार खाटेवर बसून लसूण सोलत होते. फार व्यवस्थित, पाकळ्या एका रांगेत.

"सर काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हनले, आता आराम करा. लई वर्सं केलंत." त्यांनी एक पाकळी रांगेत ठेवली. "मी म्हनलं, जी."

"जी? जी म्हणालात? तुम्हाला ठाऊक आहे ना कोणाचं चुकतंय?"

"ठाव हाय."

"मग सांगितलं का नाहीत?" मी ओरडलेच. काकू आतून बाहेर आल्या. "तुमचा सूर या जन्मात हलला नाही. रिकाम्या खुर्चीला टेकवून ठेवला तरी तुमचा चेलो सुरात राहील. आणि तुम्ही दर वेळी माझं चुकलं, माझं चुकलं! कोणी सांगितलं होतं हा शहाणपणा करायला?"

सुभेदारांनी लसूण खाली ठेवला. ते सावकाश बोलले. "ताई, मी फौजंत वाजवीत हुतो तवा मला वाटायचं, आपन वाजवायचं म्हंजी झालं. दुसऱ्याचं ऐकायचं आसतंय, ह्ये मला सरांनी शिकवलं. त्या मानसाला मी कसं सांगू का तुमालाच ऐकू येत न्हाई? माजं काय, मी हितं बसून वाजवीन, न्हाई तर ही लसूण हायच. पन सर घरी बसले तर जगायचे न्हाईत. ते मला पायजेल न्हाई."

काकू म्हणाल्या, "सकाळपासनं ह्येंनी त्याला हात लावला न्हाई. म्हनं हितं बसून वाजवीन." आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला.

मला त्या दिवशी सगळ्यांचाच राग आला. सरांचा, सुभेदारांचा, त्या लाडक्या "कोणीतरी"चा. आमचं सगळं सौजन्य एका खऱ्या माणसाला चौकडीबाहेर काढायला निघालं होतं आणि आम्ही माना खाली घालून बोटं सरकवत बसलो होतो. येताना रिक्षातून व्हायोलावाल्याला फोन केला. तो म्हणाला, "बाई, मी चेलोशिवाय काहीतरी लिहू का? म्हणजे पुण्याचा मुलगा तरी नको." मी त्याला जे बोलले ते शाळेतही कधी कोणाला बोलले नव्हते. पलीकडून नुसतं "हो बाई, हो बाई" ऐकू येत होतं.

रविवार आला. हॉलमध्ये तीनच खुर्च्या मांडलेल्या. सरांनीच मांडल्या होत्या. पुण्याचा मुलगा पुढच्या आठवड्यात येणार होता. सर म्हणाले, "तिघांत जेवढं होतंय तेवढं करू," आणि संथ भाग काढला. त्यात सरांचा तो बारीक तारेवरचा लांब सूर होता, न घसरणारा, जुना. सर श्वास घेऊन मान उचलतात तेव्हा आम्ही सुरू करतो. त्यांनी मान उचलली.

सूर आला, आणि चढला.

सर थांबले. पानाकडे पाहिलं. रिकाम्या जागेकडे पाहिलं, जिथे सुभेदार असायचे. मग नेहमीच्या सवयीनं, पण जरा बुचकळ्यात पडून म्हणाले, "कोणीतरी चढतंय."

व्हायोलावाल्यानं "माझं" म्हणायला तोंड उघडलं. ते त्याच्या तोंडातून बाहेर पडायच्या आत मी म्हणाले, "तुम्ही, सर."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्या तोंडावर काहीतरी अभद्र बोलल्यासारखं. मग व्हायोलावाल्याकडे पाहिलं. तो आपल्या व्हायोलाच्या भोकात डोकं घालायला बघत होता. सरांनी आपली तार एकटी वाजवली. "तू वाजव," मला म्हणाले. मी तोच सूर दिला. ते माझ्या व्हायोलिनपाशी वाकले, अगदी लाकडाला कान लावून. पुन्हा स्वतःचा वाजवला. पुन्हा माझा. त्यांना फरक कळत नव्हता. फरक कळत नाही हे मात्र त्यांना कळलं. ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं आणि मला वाटलं, आपण हे करायला नको होतं. पण झालं होतं.

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले, सर."

"आणि सुभेदार?"

"ते कधीच चुकले नाहीत. एकदाही नाही."

सरांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं. पेटी बंद करायला त्यांना जमेना, व्हायोलावाल्यानं केली. मी वाट पाहत होते, ते मला काहीतरी बोलतील, किंवा कानाबद्दल काही विचारतील. ते कानाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. म्हणाले, "मी त्या माणसाच्या घरी जाऊन सांगितलं, तुम्ही आराम करा. त्यांच्या बायकोसमोर सांगितलं." आणि ते चालायला लागले. भिंगारपर्यंत चालत निघाले होते. आम्ही त्यांना हाताला धरून व्हायोलावाल्याच्या गाडीत बसवलं.

सुभेदार दारातच होते. आमच्या तिघांची तोंडं पाहून त्यांना सगळं समजलं आणि त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. त्यांचा राग मी त्या एका वेळी पाहिला. सर म्हणाले, "सुभेदार, तुम्ही सुरात होता. मी नव्हतो. तुमच्या घरात येऊन मी उलटं बोललो, ते याच घरात येऊन परत घेतो. मला माफ करा." काकूंनाही तेच म्हणाले, हात जोडून. ही वाक्यं ते गाडीत मनातल्या मनात म्हणत आले असणार.

सुभेदार म्हणाले, "सर, बसा तर आधी."

"रविवारी या. पुण्याच्या मुलाला नको म्हणून सांगतो."

"आन तुमी?"

"मी येईन. ऐकायला." मग स्वतःच म्हणाले, "जेवढं येतं तेवढं. वाजवणार नाही आता."

"मंग मी बी न्हाई येत."

"सुभेदार, हा हट्ट झाला."

"व्हय. हट्टच हाय."

दोन म्हातारी माणसं समोरासमोर बसून तू नाही तर मीही नाही करत होती. व्हायोलावाला भिंतीकडे बघत उभा. काकूंनी चहा आणला तो कोणी घेईना. शेवटी माझी जीभ सुटली. मी म्हणाले, दोघंही येणार आहात, मी काही पंचवीस वर्षं तुमची थेरं बघायला घालवली नाहीत. सर, पहिल्या खुर्चीवर मी बसते, तुम्ही माझ्या शेजारी दुसऱ्या व्हायोलिनवर. तुमचा सूर सरकला की मी सांगेन. तुमचं नाव घेऊन सांगेन. चालेल?

सरांनी चहाचा कप हातात घेतला. "नाव घेऊन," ते म्हणाले. "बरं. घे."

आणि मी घेतलं. पुढचे सगळे रविवार. "सर, खाली या. सर, अजून. सर, झालं." सर प्रत्येक वेळी मान डोलवायचे आणि बोट सरकवायचे, मी त्यांच्यासमोर पोर असताना सरकवायची तसंच. त्यांनी कानाचं मशीन आणलं, पण त्यातून व्हायोलिन डब्यात वाजल्यासारखं येतं म्हणून ते काढून ठेवलं. व्हायोलावाल्याला ते म्हणाले, "आता माझ्यासाठी लपवाछपवी लिहू नकोस. सरळ सूर लिही." तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. त्यानं कार्यक्रमासाठी एक छोटीशी रचना लिहिली, संथ, सरळ, शेवटी चौघांचा एकच लांब मेळ. कार्यक्रमात ओरडून सांगता येणार नव्हतं, म्हणून आम्ही ठरवलं की मी पायानं सांगायचं. त्यांच्या बुटावर एकदा दाबलं की खाली, दोनदा दाबलं की वर.

हॉल भरला होता. क्वायरमधली जुनी पोरं, आता केस पिकलेली, भिंतीला टेकून उभी होती. नव्या रचनेत मी दोन-तीनदा पाय दाबला आणि सर गुपचूप खाली आले. सगळं नीट चाललं होतं. मग शेवटचा मेळ आला. सर श्वास घेऊन आत शिरले आणि तो सूर त्यांनी इतका मऊ, इतका भरून काढला, जसा मी त्यांच्याकडून लहानपणी ऐकला होता. आणि तो चढला होता.

मी पाय उचलला. तेवढ्यात सुभेदारांकडे माझी नजर गेली. त्यांचा सूर मोकळ्या तारेवरचा होता. मोकळी तार हलवता येत नाही, ती जिथे लावलेली असते तिथेच वाजते. सुभेदारांनी बो पलीकडच्या जाड तारेवर नेला, तोच सूर तिथे बोट ठेवून धरला, आणि ते बोट हळूच वर सरकवलं. सरांकडे. आयुष्यात ज्यांचा सूर हलला नाही त्या माणसानं तो मुद्दाम हलवला. व्हायोला त्याच्या मागोमाग वर गेला. मी पाय जमिनीवर ठेवला आणि माझं बोट सरकवलं. मेळ जुळला. लावला होता त्याच्यापेक्षा जरा वर, पण चौघांचा एकच.

टाळ्या चालू असताना सर माझ्या कानाशी वाकले. त्यांना वाटतं ते हळू बोलतात. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असेल.

"शेवटी मी चढलो होतो ना? तुझा पाय आला नाही."

"चढला होता, सर," मी त्यांच्या कानात मोठ्यानं म्हणाले. "आम्हीपण आलो."